खोक्यांची मांडणी करताना

गेल्या मे महिन्यात आमच्या कॅज्युअल्टीत पंचविशीतला एक तरुण लंगडत आला. आंब्याच्या रिकाम्या पेट्या जोडून तो पुस्तकांसाठी मांडणी करत होता. खिळे न काढताच एक फळी उलटी जमिनीवर टाकली आणि नेमका तीवरच पाय पडला. आईने जखमेत हळद भरून पाठवलं होतं. "खिळा गंजलेला नव्हता हो डॉक्टर, मग इंजेक्शन कशाला?"

हा प्रश्न मी नोकरीभर ऐकत आलो आहे. धनुर्वात गंजामुळे होत नाही. त्याच्या जंतूंचे बीजाणू मातीत, धुळीत, शेणात असतात. चकचकीत खिळाही त्यांना खोलवर, जिथे हवा पोहोचत नाही तिथे नेऊन सोडतो. लक्षणं बहुधा तीन दिवस ते तीन आठवड्यांनी दिसतात; तोवर वरची जखम बुजलेली असते आणि जबडा का आखडतोय हे घरच्यांना उमगत नाही. म्हणून जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने चांगली पाच-दहा मिनिटं धुवा. हळद, चुना, तंबाखू काही भरू नका. लसीचे सुरुवातीचे डोस पूर्ण झालेले असले तरी शेवटच्या डोसला पाच वर्षं उलटली असतील, तर अशा मळक्या जखमेनंतर पुन्हा एक घ्यावा लागतो. पूर्वीच्या 'टीटी'च्या जागी आता 'टीडी' मिळते. तिच्यात घटसर्पापासूनही संरक्षण असतं.

खोक्यांच्या फर्निचरला माझा विरोध मुळीच नाही. लुईझ ब्रिगम या अमेरिकन बाईंनी १९०९ साली या विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं. उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गेन बेटावर राहत असताना सामानाच्या खोक्यांतून त्यांनी घर सजवलं होतं. आपल्याकडे भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना तर हा मोठाच आधार आहे. फक्त लाकूड निवडताना डोळे उघडे ठेवा.

फळांच्या पेट्या बहुधा साध्या, कोऱ्या लाकडाच्या असतात. मालवाहतुकीच्या पॅलेटचं तसं नाही. परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या लाकडावर गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह आणि त्याशेजारी इंग्रजी अक्षरं भाजलेली किंवा छापलेली असतात. 'एचटी' म्हणजे लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवलेलं, ते घ्यावं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. वायू बराचसा उडून जातो हे खरं, पण निवड हाती असताना असलं लाकूड घरात कशाला आणायचं? माझ्या मते त्याहून मोठी भीती डागांची आहे. त्या पॅलेटवर कीटकनाशकाचा डबा फुटला होता की तेलाचा, हे भंगारवाल्यालाही ठाऊक नसतं. तेलकट, वास येणारी किंवा बुरशीने काळवंडलेली फळी सरळ सोडून द्या. आणि ती बंबात जाळूही नका.

फळी घासताना उडणारा भुसा दमेकऱ्याला त्याच दिवशी त्रास देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक ठरवलं आहे. तो धोका मुख्यतः वर्षानुवर्षं हे काम करणाऱ्या सुतारांना, पण एका रविवारच्या कामालाही एन-९५ मास्क लावा आणि घासकाम गच्चीवर करा. आधीच रंगवलेलं लाकूड घासू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि ते लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतं. माळ्यावरचा जुना डबाही नको. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची मर्यादा दहा लाखांत ९० भाग आहे, तेव्हा तसं लिहिलेला नवा रंग घ्या. फटींत ढेकूण असतात, म्हणून पेट्या घरात घेण्याआधी उकळतं पाणी ओतून उन्हात नीट वाळवा. मांडणी कमरेइतकी उंच झाली, तर भिंतीत फिशर मारून एल पट्टीने बांधा. मुलं तिचा जिना करतातच.

तो तरुण ड्रेसिंगला आला तेव्हा त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. मांडणी छान झाली होती, शेजारी आईसाठी पेटीचं बैठं आसनही होतं. आईंचे गुडघे दुखतात, हे त्याच बोलता बोलता म्हणाल्या. इतक्या खालून उठताना गुडघ्यांवर फार भार येतो. मी त्याला पाय लावून बैठक साधारण दीड फुटावर घ्यायला सांगितलं. पाय जमिनीला टेकून मांडी आडवी राहिली की उंची जमली. उरलेल्या जाड लाकडाचे सहा इंची ठोकळे करून ते वडिलांच्या पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली, घसरणार नाहीत असे बसवायला सांगितले. त्यांना रात्री आंबट पाणी घशाशी येतं आणि ते तीन-तीन उशा घेऊन झोपतात. उशांनी पोट दुमडतं, जळजळ तशीच राहते.