टिळकांची भजने कुठे ऐकाल?

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत अभंग नवे नाहीत. पण मराठी चर्चमध्येही अभंग गायले जातात, हे किती जणांना ठाऊक आहे? रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पाश्चात्त्य चालींच्या गीतांच्या जोडीला देशी चालींची भजने दिली. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात ती आजही आहेत.

यूट्यूबवर शोधताना संग्रहाचे नाव आणि गीताची पहिली ओळ देवनागरीत टाका. रोमन लिपीत स्पेलिंगचा घोळ होतो. पेटी-तबल्यावर मंडळीने एकत्र गायलेले भजन सापडले, तर आधी तेच ऐका.

शब्द पुस्तकात टिकतात, चाल मात्र गळ्यातच राहते. नगर-पुण्याकडच्या ओळखीत कुणी आजी-आजोबा ही भजने गात असतील, तर त्यांना विचारून मोबाइलवर रेकॉर्ड करा. फाइलला गीताची पहिली ओळ, गाव आणि तारीख जरूर द्या.