भाकरी थापणाऱ्या हाताची अंगठी

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून यांनी मला हिऱ्याची अंगठी घ्यायचं ठरवलं. सोलापुरात मधल्या मारुतीजवळ सराफाकडे गेलो. मला आधी उंच नख्यांचीच आवडली. १८८६ साली न्यूयॉर्कच्या टिफनीने आणलेली ही सहा नख्यांची घडण हिरा वर उचलून धरते; चहूकडून उजेड मिळतो आणि तो लखलखतो. पण माझे हात रोज ज्वारीचं पीठ मळतात, सोलापुरी चादरी झटकतात. नख्यांत पीठ बसतं, धागा अडकतो, आणि नखी वाकली की हिरा निसटतो. याउलट बंद कोंदणाच्या अंगठीत सोन्याची कड हिऱ्याला सगळीकडून धरते. चमक थोडी कमी, पण हिऱ्याची कड झाकली जाते; हिरा कितीही कठीण असला तरी त्या कडेवर ठोका बसल्यास टवका उडू शकतो, हे विसरू नये! सोनंही १८ कॅरेटचं घेतलं. २२ कॅरेट मऊ पडतं. दोन्ही अंगठ्या घालून पदरावरून हात फिरवला. नखी अडकली. मी कोंदण घेतलं.