चक्रीवादळ सज्जता दल, बांगला देश

चक्रीवादळ सज्जता दल, बांगला देश : बंगालच्या उपसागरात उद्भवणाऱ्या चक्रीवादळांची पूर्वसूचना किनाऱ्यावरील व बेटांवरील वस्त्यांपर्यंत पोहोचविणारी, लोकांना वेळेवर आश्रयस्थानी हलविणारी आणि वादळानंतर बचाव व प्रथमोपचाराचे काम करणारी स्वयंसेवकांची संघटना. तिचे अधिकृत नाव ‘चक्रीवादळ सज्जता कार्यक्रम’ असे असून बांगला देशाचे शासन व त्या देशाची रेड क्रेसेंट संस्था यांच्या संयुक्त विद्यमाने ती चालविली जाते. तिच्या स्वयंसेवकांना वेतन दिले जात नाही. शेतकरी, मच्छीमार, शिक्षक, छोटे दुकानदार, गृहिणी अशा सामान्य स्त्री-पुरुषांचा त्यांत भरणा असतो व ते ज्या वस्तीत राहतात, त्याच वस्तीची जबाबदारी त्यांच्याकडे असते. आपत्तिनिवारणाच्या क्षेत्रात लोकसहभागाचे एक दीर्घकाळ टिकलेले उदाहरण म्हणून या दलाकडे पाहिले जाते.

भौगोलिक पार्श्वभूमी : बंगालच्या उपसागराचा उत्तरेकडील भाग नरसाळ्यासारखा निमुळता होत गेला असून तेथील सागरतळ उथळ आहे. त्यामुळे वादळाबरोबर किनाऱ्याकडे ढकलले जाणारे पाणी पसरण्यास वाव न मिळाल्याने उंच चढते. ही वादळी लाट भरतीच्या वेळी आली, तर तिची उंची आणखी वाढते. गंगा, ब्रह्मपुत्रा व मेघना या नद्यांच्या मुखाशी गाळाने तयार झालेला प्रदेश समुद्रसपाटीपासून फारसा उंच नाही. भोला, हातिया, संद्वीप, मनपुरा, कुतुबदिया ही बेटे आणि नदीमुखात नव्याने वर येणाऱ्या ‘चर’ नावाच्या गाळभूमी यांवर दाट वस्ती आहे. भूमिहीन कुटुंबे नव्या चरांवर प्रथम वस्तीस जातात आणि त्यामुळे सर्वांत गरीब लोक सर्वांत धोक्याच्या जागी राहतात. मॉन्सूनपूर्वी एप्रिल-मे आणि मॉन्सूननंतर ऑक्टोबर-नोव्हेंबर हे चक्रीवादळांचे दोन मुख्य काळ होत [→ चक्रवात].

१९७० ची आपत्ती : १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री तत्कालीन पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर आलेल्या चक्रीवादळात ३ ते ५ लाख लोक मृत्युमुखी पडले असावेत, असा अंदाज आहे. ज्ञात इतिहासातील हे सर्वांत प्राणघातक चक्रीवादळ मानले जाते. भोला बेटावरील तझुमुद्दीन या ठाण्याच्या हद्दीतील सु. १ लाख ६७ हजार लोकवस्तीपैकी ४५ टक्क्यांहून अधिक लोक प्राणास मुकले. या आपत्तीनंतर झालेल्या अभ्यासातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. वादळ येत असल्याची वार्ता त्या भागातील सु. ९० टक्के लोकांच्या कानांवर गेली होती. परंतु भक्कम इमारतीचा आश्रय घेणाऱ्यांचे प्रमाण सु. १ टक्का एवढेच होते. म्हणजे वार्ता पोहोचली. पण तिचा अर्थ पोहोचला नाही आणि अर्थ समजलेल्यांनाही जाण्यासारखी जागा जवळ नव्हती. केवळ नभोवाणीवरून इशारा देऊन भागत नाही, तर तो इशारा ज्याच्यावर विश्वास बसतो अशा माणसाच्या तोंडून घराच्या दारापर्यंत जावा लागतो, या जाणिवेतून या दलाची कल्पना उदयास आली.

स्थापना व विकास : बांगला देश स्वतंत्र झाल्यावर १९७२ मध्ये रेडक्रॉस संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघाने हा कार्यक्रम सुरू केला. गावोगावी सभा भरवून स्थानिक लोकांच्या संमतीने स्वयंसेवक निवडण्यात आले व सु. २०,००० जणांचे पहिले दल उभे राहिले. संघाचे साहाय्य संपल्यावर हा कार्यक्रम बंद पडू नये, म्हणून १ जुलै १९७३ पासून शासन व राष्ट्रीय रेडक्रॉस संस्था (१९८८ पासून रेड क्रेसेंट संस्था) यांनी त्याची संयुक्त जबाबदारी स्वीकारली. पगारी अधिकारी थोडे, त्यांचा व संदेशयंत्रणेचा खर्च मुख्यतः शासनाचा आणि प्रत्यक्ष काम विनावेतन स्वयंसेवकांचे, ही विभागणी तेव्हापासून कायम आहे. २००७ च्या सुमारास स्वयंसेवकांची संख्या ४०,००० च्या वर गेली होती. २०२० नंतर ती सु. ७६,००० झाली असून त्यांत निम्म्या स्त्रिया आहेत.

संघटना : दलाचे मुख्यालय ढाका येथे आहे. त्याखाली विभाग, उपजिल्हा, युनियन (काही गावांचा मिळून होणारा स्थानिक स्वराज्याचा घटक) आणि सर्वांत शेवटी पथक अशी रचना असून १३ किनारी जिल्ह्यांत तिचा विस्तार आहे. एका पथकाकडे साधारणतः दोन-तीन हजार लोकवस्ती सोपविलेली असते. पथकात प्रारंभी १० स्वयंसेवक असत. पुढे ही संख्या टप्प्याटप्प्याने वाढून २० झाली व तीत १० स्त्रिया आणि १० पुरुष असावेत, असे ठरविण्यात आले. इशारा देणे, आश्रय, बचाव, प्रथमोपचार व मदतवाटप अशी कामांची वाटणी पथकांतर्गत केलेली असते. प्रत्येक पथकाला ट्रान्झिस्टर, ध्वनिक्षेपक कर्णा, हाताने फिरवावयाचा भोंगा, विजेरी, दोर, तरंगजाकीट, रेनकोट, गमबूट, प्रथमोपचार पेटी, झोळी इ. साहित्य पुरविले जाते. ते पथकप्रमुखाच्या घरी ठेवलेले असते. कारण वादळाच्या रात्री दूरच्या गोदामाचे कुलूप उघडण्यास वेळ नसतो.

इशाऱ्याची पद्धती : हवामान खात्याकडून कमी दाबाच्या पट्ट्याची सूचना मिळताच मुख्यालयातून बिनतारी संदेशयंत्रणेद्वारे ती विभागांना व उपजिल्ह्यांना आणि तेथून युनियनमार्फत पथकांना कळविली जाते. दूरध्वनी व वीज बंद पडली, तरी ही यंत्रणा चालू राहावी अशी तिची आखणी आहे.

इशाऱ्याचा अर्थ लावणे हे स्वयंसेवकांचे महत्त्वाचे काम होय. किनारी बंदरांसाठी असलेली १ ते ११ क्रमांकांची संकेतपद्धती ब्रिटिश अमदानीत जहाजांच्या उपयोगासाठी रूढ झाली. तीत ५, ६ व ७ हे तिन्ही क्रमांक सारख्याच तीव्रतेच्या धोक्याचे निदर्शक होते. वादळ बंदराच्या कोणत्या बाजूने जाणार किंवा थेट बंदरावरून जाणार, एवढाच त्यांत फरक होता. ८, ९ व १० हे महाधोक्याचे संकेतही याच तत्त्वावर ठरविलेले होते. समुद्रावरील कप्तानाला ही माहिती मोलाची असली, तरी गावातील माणूस मात्र ९ पेक्षा १० मोठा, एवढेच जाणतो आणि क्रमांक ‘फक्त ८’ आहे, म्हणून घरीच थांबतो. यावर उपाय म्हणून दलाने झेंड्यांची सोपी पद्धत अवलंबिली. सावधगिरीसाठी एक, धोक्यासाठी दोन आणि महाधोक्यासाठी तीन लाल झेंडे उंच काठीवर लावले जातात. तीन झेंडे चढले म्हणजे घर सोडावयाचे, हे लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही कळते. याच्या जोडीला स्वयंसेवक सायकलवरून किंवा पायी फिरून कर्ण्यावरून घोषणा करतात, भोंगे वाजवितात आणि शेवटच्या टप्प्यात घरोघर जाऊन वृद्ध, अपंग, गरोदर स्त्रिया व मुले यांना हाताला धरून बाहेर काढतात.

आश्रयस्थाने : इशारा कितीही वेळेवर मिळाला, तरी जाण्यासाठी जागा नसेल, तर तो निष्फळ ठरतो. प्रारंभीच्या काळात मातीचे उंच चौथरे उभारण्यात आले. त्यांना तेथे ‘किल्ला’ म्हणतात व गुराढोरांच्या आश्रयासाठीही त्यांचा उपयोग होतो. पुढे खांबांवर उभ्या असलेल्या, खालून पाणी वाहून जाऊ शकेल अशा पक्क्या इमारती बांधण्यात आल्या. एरवी रिकाम्या राहणाऱ्या इमारतींची देखभाल होत नाही, या अनुभवावरून त्यांत प्राथमिक शाळा भरविण्याची प्रथा पडली. त्यामुळे मुलांना आश्रयस्थानाची वाट लहानपणापासून परिचयाची होते. अशा आश्रयस्थानांची संख्या आता ४,००० च्या वर गेली आहे.

१९९१ चा धडा : २९ एप्रिल १९९१ च्या रात्री चितगाव परिसरावर आलेल्या चक्रीवादळात सु. १ लाख ३८ हजार लोक मरण पावले. दलाने काही लाख लोकांना सुरक्षित स्थळी हलविले. परंतु आश्रयस्थाने अत्यंत अपुरी होती. या वादळात २० ते ४४ वर्षे वयोगटातील स्त्रियांच्या मृत्यूचे प्रमाण त्याच वयाच्या पुरुषांच्या चौपटीहून अधिक असल्याचे दिसून आले. पती घरी येईपर्यंत घर न सोडणे, लहान मुलांना सांभाळण्याची जबाबदारी, पोहता न येणे, पाण्यात भिजून अंगाला गुंडाळणारे लांब वस्त्र आणि परक्या पुरुषांच्या गर्दीत रात्र काढण्याचा संकोच ही त्यामागील कारणे होत. पुरुष स्वयंसेवकाने अंगणातून दिलेली हाक माजघरापर्यंत पोहोचतेच असे नाही. म्हणून पथकांत स्त्रियांचा समावेश वाढविण्यात आला आणि नव्या आश्रयस्थानांत स्त्रियांसाठी स्वतंत्र खोल्या व शौचालये यांची सोय करण्यात येऊ लागली.

प्रशिक्षण व लोकशिक्षण : स्वयंसेवकांना वादळाचे शास्त्र, संकेतांचा अर्थ, बचावकार्य, प्रथमोपचार व आश्रयस्थानाची व्यवस्था यांचे शिक्षण दिले जाते. वादळी हंगामापूर्वी गावांत प्रात्यक्षिके होतात. लोकशिक्षणासाठी नाटके, लोकगीते, चित्रपट, भित्तिपत्रके यांचा वापर करतात. धान्य व बियाणे मडक्यात भरून जमिनीत पुरणे, महत्त्वाची कागदपत्रे मेणकापडात बांधणे, गुरांची दावी सोडणे अशा साध्या गोष्टी त्यांतून शिकविल्या जातात. २०१८ पासून कॉक्स बझार येथील रोहिंग्या निर्वासितांच्या छावण्यांतही दलाच्या मार्गदर्शनाखाली निर्वासितांमधूनच स्वयंसेवक तयार करण्यात आले. ताडपत्री व बांबूंच्या त्या झोपड्यांना वादळाप्रमाणेच दरडी कोसळण्याचाही धोका आहे.

फलनिष्पत्ती : १५ नोव्हेंबर २००७ रोजी आलेले ‘सिद्र’ हे चक्रीवादळ तीव्रतेने १९९१ च्या वादळाच्या तोडीचे होते, त्यात मृतांची संख्या सु. ३,४०० होती. २० मे २०२० रोजी आलेल्या ‘अंफान’ या वादळापूर्वी २० लाखांहून अधिक लोकांना हलविण्यात आले. कोविड साथीमुळे आश्रयस्थानांतील गर्दी टाळण्यासाठी शाळा-महाविद्यालयांच्या जादा इमारती उघडाव्या लागल्या. बांगला देशातील मृतांची संख्या या वेळी ३० च्या आत राहिली. अर्थात या घटीचे सर्व श्रेय एकट्या दलाला देता येणार नाही. उपग्रहांच्या साहाय्याने सुधारलेले हवामानाचे अंदाज, किनाऱ्यावरील बंधारे, रस्ते, भ्रमणध्वनी, आश्रयस्थानांची वाढ आणि सुंदरबनसारख्या खारफुटीच्या वनांचा आडोसा या सर्वांचा त्यात वाटा आहे. शिवाय प्रत्येक वादळाचा मार्ग व भरतीची वेळ वेगळी असल्यामुळे दोन वादळांची सरळ तुलना करणे योग्य नव्हे. तथापि हवामान खात्याचा अंदाज व दारातील माणूस यांमधील शेवटचे अंतर या स्वयंसेवकांनीच भरून काढले, याबद्दल दुमत नाही.

मर्यादा व समस्या : झेंडे चढल्यावरही पुष्कळ लोक घर सोडीत नाहीत. मागे राहिलेल्या घरात चोरी होईल ही भीती, गुरांची काळजी, आश्रयस्थानाचे अंतर, तेथील गैरसोय आणि पूर्वी दिलेला इशारा फुकट गेल्याची आठवण ही त्यांची प्रमुख कारणे असतात. वादळ ऐन वेळी दिशा बदलते, तेव्हा लोकांचा रोष स्वयंसेवकालाच सोसावा लागतो आणि पुढच्या वेळी त्याच लोकांच्या दारात पुन्हा उभे राहावे लागते. स्वयंसेवक त्याच गावचा असल्याने त्याचे स्वतःचे घर व कुटुंबही त्याच धोक्यात असते. कर्तव्य बजावताना काहींनी प्राण गमावले आहेत. अंफान वादळापूर्वी पटुआखाली जिल्ह्यात लोकांना सावध करण्यास निघालेल्या एका पथकप्रमुखाचा नाव उलटून बुडून मृत्यू झाला.

प्राणरक्षण व उपजीविकेचे रक्षण या भिन्न गोष्टी आहेत. मे २००९ मधील ‘आयला’ वादळात बांगला देशातील मृतांची संख्या सु. १९० होती, परंतु बंधारे फुटून खारे पाणी शेतांत शिरले. अनेक कुटुंबे त्यानंतर दीर्घकाळ बंधाऱ्यांवर झोपड्या बांधून राहिली व कित्येकांना गाव सोडावे लागले. अशा हानीवर स्वयंसेवकांकडे उपाय नाही. त्यासाठी बंधाऱ्यांची दुरुस्ती, गोड्या पाण्याची सोय व जमिनीची पुनःस्थापना ही शासनाचीच कामे होत. स्वयंसेवा स्वस्त आहे म्हणून तिच्यावर सर्व भार टाकण्याचा मोह शासनसंस्थांना होतो. दलाचा अनुभव मात्र असा, की नियमित प्रशिक्षण, चालू स्थितीतील साधने व भरवशाची संदेशयंत्रणा मिळत राहिली, तरच विनावेतन माणसे वर्षानुवर्षे कामास उभी राहतात.

भारतातील ओडिशा राज्यातही याच दिशेने प्रयत्न झाले आहेत. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सु. १०,००० लोक मरण पावले. त्यानंतर त्या राज्याने आश्रयस्थाने उभारून त्यांच्या देखभालीसाठी ग्रामसमित्या व प्रशिक्षित स्वयंसेवक गट निर्माण केले. ऑक्टोबर २०१३ मधील ‘फायलिन’ या तीव्र वादळाच्या वेळी सु. १० लाख लोकांना हलविण्यात येऊन मृतांची संख्या ५० च्या आत राहिली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘आपदा मित्र’ ही २०१६ मध्ये सुरू झालेली योजनाही स्थानिक स्वयंसेवकांना प्रशिक्षण देण्याच्या तत्त्वावरच आधारलेली आहे. बाहेरून येणारी बचावपथके कितीही सुसज्ज असली, तरी त्यांना पोहोचण्यास काही तास वा दिवस लागतात. तोवरचा काळ शेजाऱ्यांनाच निभावून न्यावा लागतो व त्या शेजाऱ्यांना आधीच तयार ठेवणे, हेच या दलाच्या कार्याचे सार होय.