अंगणातला चैत्र कार्डावर

फाल्गुन सरत आला, की किनवट-माहूरकडच्या रानात पळस फुलतो आणि आमच्या नांदेडच्या बचत गटातल्या बायकांचे हात शिवशिवायला लागतात. दिवाळीच्या पणत्या झाल्या, संक्रांतीची वाणं झाली, आता चैत्राला काय? गेल्या फाल्गुनात गटातल्या एकीच्या कॉलेजकन्येनं सुचवलं, ‘मावशी, वसंताची भेटकार्डं करू या. नेटवर कटिंगच्या तयार फाइली मिळतात. प्रिंट काढायची, रेषेवरून कापायचं, झालं!’

‘झालं’ म्हणणं सोपं असतं बरं का मैत्रिणींनो! सलग रेष कापायची आणि तुटक रेष दुमडायची, एवढं लगेच कळलं. पण प्रिंट काढताना ‘ॲक्चुअल साइझ’ निवडायचं राहिलं. मशीननं चित्र आकसून छापलं आणि खोके जुळेनात. तेही निस्तरलं. मग एकजण म्हणाली, ‘ताई, हा ससा पाडव्याला काय करायलाय?’ खरंच की! फाइलीत ससे, ट्यूलिप आणि रंगीत अंडी. तो वसंत ईस्टरवाल्यांचा. आपला वसंत म्हणजे आंब्याचा मोहोर, कडुनिंबाची कोवळी पालवी, साखरेच्या गाठी.

त्याहून मोठी अडचण पुढेच होती. त्या मुलीनं फाइलीखालची बारीक इंग्रजी अट वाचली. फाइल फुकट, पण घरच्या वापरापुरती. विकायला बंदी. आमच्यातल्या एकीनं त्या पैशांवर शिवणयंत्राचा हप्ता धरला होता. तिचा चेहरा उतरला. पण दुसऱ्याचं चित्र कापून विकणं कुणालाच पटेना.

त्याच आठवड्यात मी लातूरला माहेरी गेले. माझी आत्या ऐंशीच्या घरातली. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसली, की अक्षय्य तृतीयेपर्यंत तिच्या अंगणात चैत्रांगण असायचं. गौर, सूर्य-चंद्र, शंख-चक्र, कासव, तुळशीवृंदावन, गोपद्मं, फणी-आरसा, सगळं रांगोळीच्या चिमटीतून. आता गुडघे दुमडत नाहीत म्हणून दोन वर्षं उंबऱ्याशी रांगोळीचा स्टिकर चिकटवलेला. मी तिला टेबलाशी बसवून कागद-पेन्सिल दिली. ‘कागदावर काय काढायलीस गं? हे जमिनीवरचं असतंय,’ म्हणाली. पण हात चालू लागला आणि तासाभरात गौर मखरात बसली.

नांदेडला आल्यावर कळलं, रांगोळीत चित्रं सुटी-सुटी चालतात, कागदात नाही. मधला भाग कशाला तरी धरलेला नसेल, तर कापल्याबरोबर गळून पडतो. आत्याला फोन केला. म्हणाली, ‘मग वेल काढ की. सगळ्यांना धरून ठेवील.’ इतकं सोपं! वेलीनं सूर्यापासून कासवापर्यंत सारं जोडलं गेलं.

गाड्यांचे नंबर कापणाऱ्या रेडियमच्या दुकानातल्या मुलानं त्या चित्राच्या रेषांची फाइल करून दिली. अशी फाइल कितीही मोठी केली तरी रेषा फाटत नाही. स्टिकर कापणाऱ्या मशीनवर जाड कागद फाटला, म्हणून कापायचं काम आम्ही हातानंच घेतलं.

तुम्हाला करायचं असेल तर दोनशे जीएसएमच्या आसपासचा कार्डपेपर घ्या. ए-फोर कागद मधोमध दुमडला, की एक कार्ड. घडीच्या रेषेवरून आधी संपलेली रिफिल पट्टी धरून ओढा, म्हणजे घडी सुरेख बसते. आतली बारीक नक्षी आधी, बाहेरची कड शेवटी. वळण आलं, की ब्लेड नाही, कागद फिरवा. ब्लेड बोथट झालं, की लगेच बदला, नाहीतर कागदाचे तुसे निघतात.

पहिलं कार्ड आत्याला दाखवायला नेलं. तिनं बोट फिरवलं आणि थांबली. ‘अगं, स्वस्तिक उलटं झालंय!’ पेन्सिलीसारख्या छापील रेषा पुढून दिसू नयेत म्हणून आम्ही चित्र कार्डाच्या पाठीवर छापलं होतं. तसं करायचं तर फाइल आधी आरशातल्यासारखी उलटी करावी लागते. बरं झालं, साठ कार्डं कापायच्या आधी कळलं.

ती साठही चैत्रगौरीच्या हळदी-कुंकवाची निमंत्रणं म्हणून खपली. नफा फार नाही, पण शिवणयंत्राचा तो हप्ता वेळेवर गेला. कार्डाच्या मागे आम्ही बारीक अक्षरात ‘रेखाटन’ म्हणून आत्याचं नाव छापलं. जन्मभर तिनं काढलेलं चैत्रांगण महिन्याअखेरीस पुसलं जायचं, त्यावर नाव घालायचं कुणाला सुचलंही नव्हतं. चष्मा लावून तिनं ते दोनदा वाचलं आणि कार्ड देवघरात गौरीजवळ ठेवलं.

तुमच्याही घरात अशी एखादी आत्या, आजी असेल. नेटवर शोधण्याआधी तिच्यापुढे एक कोरा कागद ठेवून बघा.