कंठरवाने सांगणे : आवाजामागचा अर्थ

एखादी गोष्ट जोर देऊन, सर्वांच्या कानी जाईल अशा रीतीने आणि समोरच्याला पटावी या आग्रहाने सांगितली जाते, तेव्हा मराठीत ‘कंठरवाने सांगणे’ हा वाक्प्रचार योजतात. त्यातील ‘कंठरव’ या समासाचा ‘कंठाचा रव’ असा विग्रह, म्हणजे फोड, होतो. कंठ म्हणजे गळा आणि रव म्हणजे ध्वनी. ‘रु’, म्हणजे आवाज करणे, या संस्कृत धातूपासून आलेला ‘रव’ हा शब्द मुळात केवळ मोठ्या आवाजाचा वाचक नाही. पाखरांच्या मंजुळ किलबिलीला ‘कलरव’ म्हणतात आणि जिथे कसलाच आवाज नाही ती शांतता ‘नीरव’ ठरते.

या वाक्प्रचाराचे मूळ बळ संस्कृत शास्त्रग्रंथांच्या परिभाषेत सापडते. मीमांसा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याचे शास्त्र, आणि वेदान्त यांवरील टीकाकार, जी गोष्ट मूळ वाक्यात शब्दांनीच उच्चारलेली असते ती ‘कण्ठरवेण’ सांगितली आहे असे म्हणतात आणि तर्काने काढाव्या लागणाऱ्या अर्थापासून ती वेगळी ठेवतात. मीमांसकांच्या प्रसिद्ध उदाहरणातला देवदत्त धष्टपुष्ट आहे, पण दिवसा जेवत नाही. त्यावरून तो रात्री जेवत असला पाहिजे हे कळते, तरी ‘रात्री’ हा शब्द कोणी उच्चारलेला नसतो. त्यामुळे ते रात्रीचे जेवण अर्थापत्तीने, म्हणजे एरवी संगतीच लागत नाही म्हणून, मानावे लागते. ते कंठरवाने सांगितलेले नसते.

मराठीत या स्पष्टोक्तीला आग्रहाची जोड मिळाली. सांगून सांगून घशाला कोरड पडली आणि उपयोग झाला नाही, तर तो ‘कंठशोष’. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावणे म्हणजे ‘कानीकपाळी ओरडणे’. कंठरवात ना वैफल्य आहे ना पुनरुक्ती. त्यात निःसंदिग्धपणा आहे. उदाहरणार्थ, महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या लेखी निवेदनात, किमान १२ वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. कागदाला आवाज नसतो. तरीही फुल्यांनी ती कंठरवाने मांडली असे म्हटलेले मराठी कानाला खटकत नाही, कारण तिच्यात कसलाही आडपडदा नव्हता.

म्हणून गळ्याच्या शिरा ताणूनही मुद्दा मोघम ठेवणाऱ्याच्या बोलण्याला कंठरव म्हणू नये. तो गोंगाट होय. कंठरवाने सांगणारा आपले म्हणणे शब्दांत बांधतो आणि त्या शब्दांची जबाबदारीही स्वीकारतो.