एका पेटीत तीन ऋतू

जून महिन्याचा दुसरा आठवडा. पणजीला आभाळ भरून आलेले असते, पागोळ्यांची धार थांबत नाही आणि दोरीवर वाळत घातलेला पंचा दोन दिवस दमटच राहतो. त्याच दिवशी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली लू वाहत असते, भर दुपारी रस्ते ओस पडतात आणि तोच पंचा अर्ध्या तासात कडकडीत वाळतो. आणि त्याच दिवशी सूर्य मावळताच लेहच्या बाजारातील माणूस लोकरीची टोपी कानांवर ओढून घराकडे वळतो. पंचांगातील तिथी एक, देश एक. ऋतू मात्र तीन. हे तिन्ही ऋतू एकाच प्रवासात भेटणार असतील, तर एका पेटीत काय भरावे आणि काय वगळावे, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. सामान चुकले तर प्रवासाचा आनंद जातो. एवढेच नव्हे, तर प्रसंगी प्रकृती आणि क्वचित प्राणही धोक्यात येतो.

असा प्रवास कल्पनेतला नव्हे. वास्को द गामाहून निघणारी गोवा एक्सप्रेस दूधसागरचा घाट चढून बेळगावास येते आणि पुणे, मनमाड, भुसावळ, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर अशी दिल्ली गाठते. दिल्लीहून लेहला विमानाने सुमारे दीड तास लागतो. म्हणजे ग्वाल्हेरला एखाद्या आप्ताकडे एक-दोन दिवस मुक्काम केला, तरी आठवड्याच्या आत प्रवासी समुद्रकाठच्या पावसातून मैदानातील भट्टीत आणि तेथून हिमालयाच्या पलीकडील थंड वाळवंटात जाऊन पोहोचतो. त्याच्या शरीराला आणि त्याच्या पेटीला मधे सावरण्यास फारसा अवधी मिळत नाही.

सामान भरताना बहुतेकांची पहिली चूक ही की, निघण्याच्या दिवशी अंगणात जी हवा असेल तिच्यावरून कपडे निवडले जातात. घामाने अंग भिजलेले असताना लोकरीचा सदरा हातात घेणेदेखील नकोसे वाटते, आणि तो कपाटातच राहतो. या चुकीची कटू आठवण मराठ्यांच्या इतिहासात आहे. मार्च १७६० मध्ये, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, सदाशिवरावभाऊंची फौज दक्षिणेतून उत्तरेकडे निघाली. आणि पानिपतची लढाई झाली ती १४ जानेवारी १७६१ रोजी, उत्तरेच्या कडक हिवाळ्यात. त्या पराभवाची कारणे अनेक आहेत आणि थंडी हे त्यांतील मुख्य कारण नव्हे. परंतु उपासमारीने खंगलेल्या त्या छावणीला थंडीनेही गांजले, यात शंका नाही. यावरून घ्यायचा धडा साधा आहे: पेटी भरावी ती निघण्याच्या जागेचा ऋतू पाहून नव्हे, तर वाटेवरील प्रत्येक मुक्कामाचा ऋतू पाहून.

एकाच देशात, एकाच महिन्यात एवढा फरक का पडावा? त्याची मुख्य कारणे तीन. पहिले कारण समुद्र. पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते; त्यामुळे समुद्रकाठी दिवस आणि रात्र यांच्या तापमानात फार अंतर पडत नाही, पण हवेत बाष्प मात्र भरपूर असते. दुसरे कारण समुद्रापासूनचे अंतर. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते, म्हणून मैदानी प्रदेशात मृगाच्या सरी येण्यापूर्वी पारा कधी कधी ४५ अंश सेल्सिअसच्याही वर जातो. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदले गेले. तिसरे कारण उंची. दर हजार मीटर चढले की हवा सरासरीने साडेसहा अंशांनी गार होते. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. म्हणजे केवळ उंचीमुळेच तेथे समुद्रकाठापेक्षा जवळजवळ २३ अंशांचा फरक पडतो. शिवाय मोसमी वाऱ्यांतील पाणी हिमालयाच्या दक्षिण उतारावरच ओसरते. म्हणून पणजीला वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर लेहला अवघा शंभराच्या आसपास.

आता एकेक मुक्काम घेऊ. गोवा आणि कोकण येथे पारा तिशीच्या आसपास असतो, तरी जीव कासावीस होतो. कारण हवा बाष्पाने इतकी भरलेली असते की घाम उडत नाही. घाम उडताना अंगातील उष्णता घेऊन जातो. तो नुसता ओघळला तर गारवा मिळत नाही. यासाठी येथे पातळ, सैल आणि सुती कपडे हवेत. पण सुती कपडा भिजला की लवकर वाळत नाही, म्हणून त्याचा एक जोड अधिक असावा. चामड्याच्या पादत्राणांना बुरशी येते; त्यांऐवजी पाण्याने न बिघडणाऱ्या चपला बऱ्या. छत्री हवीच, परंतु पुढील प्रवासात दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून टोपी असलेला रेनकोट तिच्याहून अधिक उपयोगी. पेटीतील प्रत्येक जोड वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा. ओल्या कपड्याचा ओलावा कोरड्यास लागू न देणे, ही पावसाळी प्रवासातील निम्मी कला होय.

ग्वाल्हेरला नियम उलटा होतो. तेथील उन्हाळी हवा कोरडी असते. घाम झटकन उडतो, इतका की तो येतो आहे हेच कळत नाही, आणि शरीरातील पाणी व मीठ नकळत कमी होते. आपल्या त्वचेचे तापमान सुमारे ३५ अंश असते. वारा त्याहून अधिक तापलेला असला, की तो अंगाला गारवा देण्याऐवजी उष्णता देतो. म्हणूनच उत्तरेतील शेतकरी उन्हात उघड्या अंगाने फिरत नाही. तो पूर्ण बाह्यांचा सैल, फिकट रंगाचा सदरा घालतो आणि डोके, कान व मान गमछाने झाकून घेतो. दक्षिणेतून जाणाऱ्याने त्याचेच अनुकरण करावे. खिशात कांदा ठेवला की लू बाधत नाही असा समज ठिकठिकाणी आढळतो. पण कांदा खिशात राहून उष्माघात थांबवू शकत नाही. पाणी आणि मीठ पोटात गेले तरच उपयोग. कैरीचे पन्हे, मीठ घातलेले ताक ही घरगुती पेये उत्तम आहेत. जुलाब वा उलट्या सुरू झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते घोटघोट घ्यावे. जलसंजीवनीची तयार पुडी जवळ असल्यास अधिक चांगले. अंग तापून माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा त्याची शुद्ध हरपू लागली, तर त्याला सावलीत न्यावे, अंग पाण्याने भिजवून वारा घालावा आणि विनाविलंब डॉक्टरांकडे पोहोचवावे.

लेहला पोहोचताच पहिल्यांदा जाणवते ते ऊन. हवा विरळ आणि स्वच्छ असल्यामुळे सूर्याचे अतिनील किरण तेथे प्रखर असतात. उन्हात चेहरा भाजतो आणि चार पावले सावलीत गेले की अंगावर शहारा येतो. रात्री जूनमध्येही पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. अशा ठिकाणी एक जाडजूड कोट नेण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालणे शहाणपणाचे असते. ऊब कपड्यात नसते. कपड्यांच्या थरांमध्ये अडकलेल्या हवेत असते. अंगालगत पातळ लोकरीचा सदरा, त्यावर स्वेटर आणि सर्वांत वर वारा अडविणारा रेनकोट, असे तीन थर केले की दिवसाच्या प्रत्येक प्रहराप्रमाणे ते काढता-घालता येतात. गोव्यात पावसासाठी घेतलेला रेनकोट येथे वाऱ्यासाठी कामी येतो. लोकर थोडी दमट झाली तरी ऊब टिकवून धरते. सुती कपडा ओला झाला की अंगातील उष्णता शोषून घेतो. तेव्हा गोव्याला उपकारक असलेला सुती सदरा घामाने भिजलेल्या स्थितीत येथे अंगावर ठेवणे हिताचे नाही. कानटोपी, हातमोजे, लोकरीचे दोन मोजे आणि काळा चष्मा यांना जागा फार लागत नाही. पण त्यांच्यावाचून अडते मात्र फार. पाऊस क्वचितच पडतो म्हणून रेनकोट मागे ठेवू नये. ऑगस्ट २०१० मध्ये याच कोरड्या लेहवर ढगफुटी होऊन मोठी जीवितहानी झाली होती.

परंतु लेहला थंडीपेक्षाही मोठा धोका आहे तो उंचीचा, आणि त्यावर पेटीत भरता येण्याजोगा खात्रीचा उपाय नाही. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेथेही शेकडा २१ च असते. पण हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे दोन-तृतीयांश असल्याने प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. विमानाने एकदम उतरणाऱ्याने पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. अनेक प्रवासी कापूर हुंगत बसतात. कापराच्या वासाने बरे वाटत असेल, पण त्याने प्राणवायू वाढत नाही. डोके दुखणे, मळमळणे, झोप न लागणे ही पहिली चिन्हे दिसली तर आणखी वर चढू नये. बसल्या जागी धाप लागू लागली, तोल जाऊ लागला किंवा बोलण्यात गोंधळ होऊ लागला, तर खाली उतरणे हाच उपाय. उद्याची वाट पाहू नये. लेहहून जवळच असलेली खारदुंग ला ही खिंड ५,३०० मीटरांहून उंच आहे. पहिल्याच दिवशी तिकडे धाव घेण्याचा मोह आवरावा. हृदयविकार, दमा वा रक्तदाब असलेल्यांनी तिकीट काढण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. म्हणून या प्रवासासाठी भरावयाची सर्वांत मोलाची वस्तू कोणती, असे विचारले तर उत्तर द्यावे लागेल: दोन मोकळे दिवस.

एवढे सारे घेतल्यावर पेटी उचलणार कोण, असा प्रश्न पुढे येतो. जुन्या काळी ट्रंक, वळकटी आणि फिरकीचा तांब्या असा सरंजाम असे आणि तो वाहायला हमालही असत. आज विमानात ठरलेल्या वजनापेक्षा सामान अधिक झाले की जादा पैसे मोजावे लागतात. आणि समजा ते मोजले, तरी विरळ हवेत दहा किलोंचे ओझे वीस किलोंचे वाटते. येथे एक सूत्र उपयोगी पडते. कपडे किती घ्यावेत हे प्रवासाच्या दिवसांवर ठरवू नये. ते वाळण्यास किती वेळ लागतो यावर ठरवावे. दहा दिवसांसाठी दहा जोड लागत नाहीत. दमट हवेसाठी तीन आणि कोरड्या हवेसाठी धुऊन वापरता येणारे दोन, असे हिशेब केले तर त्याच तीन सुती जोडांत सारा प्रवास होतो. भर पडते ती लोकरीच्या थरांची. दुसरे सूत्र असे की, एका कामाच्या वस्तूपेक्षा दोन कामांची वस्तू श्रेष्ठ. साधी शाल रेल्वेत पांघरूण होते, विमानात उशी होते आणि लेहला गळ्याभोवती गुंडाळता येते. पंचा ग्वाल्हेरला डोक्यावर आणि गोव्यात अंग पुसायला.

भरण्याचा क्रमही प्रवासाच्या क्रमाप्रमाणे असावा. शेवटी लागणारे लोकरीचे कपडे तळाशी, मैदानातील मधे, पावसाचे सर्वांत वर. मात्र विमानात चढण्यापूर्वी हा क्रम बदलून एक लोकरीचा थर हातपिशवीत घ्यावा, कारण मोठी पेटी कधी कधी मागे राहते. औषधे, ओळखपत्र, चष्मा आणि पैसे ही हातापासून दूर जाऊ देऊ नयेत. इन्सुलिनसारखे औषध उन्हात तापले तरी बिघडते आणि गोठले तरी बिघडते. ते मोठ्या पेटीत कदापि ठेवू नये. घरातील म्हाताऱ्या माणसांचे आणि मुलांचे कपडे स्वतःच्या अंदाजाने न भरता त्यांना एक थर अधिक धरावा, कारण ऊन आणि थंडी दोन्ही त्यांना लवकर बाधतात.

सारे भरून झाले की ती पेटी उचलून घरचा जिना दोनदा चढून-उतरून पाहावा. धाप लागली तर पेटी पुन्हा उघडावी आणि ज्या वस्तूविषयी “कदाचित लागेल” एवढेच सांगता येते, ती बाहेर काढावी. “हिच्यावाचून जीव धोक्यात येईल” असे जिच्याविषयी सांगता येईल, ती आत राहू द्यावी. असे निवडून भरलेली पेटी हलकी होते आणि तिच्याबरोबर मनही हलके होते. मग दूधसागरचा पाऊस खिडकीतून पाहताना, ग्वाल्हेरच्या गच्चीवर रात्री वारा अंगावर घेताना आणि लेहच्या निळ्या आभाळाखाली निवांत बसताना प्रवाशाचे लक्ष आपल्या सामानाकडे नव्हे, तर देशाकडे राहते. एवढ्यासाठीच तर घर सोडायचे असते.