साखर कारखान्यांना अर्थसाहाय्य आणि संचालकांचे उत्तरदायित्व

अडचणीत आलेल्या उद्योगाला शासनाने सार्वजनिक पैशातून सावरावे आणि तो अडचणीत आणणाऱ्या चालकांचे लाभ मात्र अबाधित राहावेत, यातून निर्माण होणारा जनक्षोभ अनेक देशांत दिसून आला आहे. कोल्हापूर जिल्ह्यात त्याचे रूप सहकारी साखर कारखानदारीशी निगडित असून ते बरेच वेगळे आहे.

या क्षोभाचे जगभर गाजलेले उदाहरण अमेरिकेतील एआयजी या विमा कंपनीचे होय. सप्टेंबर २००८ मध्ये ही कंपनी बुडू नये म्हणून तेथील मध्यवर्ती बँकेने तिला ८५ अब्ज डॉलरचे कर्ज देऊ केले; पुढे एकूण साहाय्य सुमारे १८२ अब्जांवर गेले. मार्च २००९ मध्ये त्याच कंपनीने, ज्या विभागामुळे ती संकटात सापडली त्या विभागातील लोकांना सुमारे १६.५ कोटी डॉलरचे बोनस दिल्याचे उघड झाले. करार आधीच झालेले आहेत, असा कंपनीचा बचाव होता. संतापाच्या लाटेत प्रतिनिधिगृहाने अशा बोनसवर ९० टक्के कर लावणारे विधेयक संमत केले. सिनेटमध्ये मात्र ते पुढे सरकले नाही.

कोल्हापूरमधील स्वरूप

सहकारी कारखान्याचा संचालक हा सभासदांनी निवडून दिलेला प्रतिनिधी असतो. पगार कार्यकारी संचालकाला मिळतो. त्यामुळे येथील रोष बोनसच्या आकड्यावर नसतो. संचालकांचे भत्ते, मोटारी, दौरे, नोकरभरती आणि आप्तांना मिळणारे ठेके हे वार्षिक सर्वसाधारण सभेत वादाचे विषय होतात. विषयपत्रिका वाचून होण्यापूर्वीच व्यासपीठासमोरून ‘मंजूर’ आणि मागच्या बाजूने ‘नामंजूर’च्या घोषणा सुरू होतात, हे दृश्य जिल्ह्याला नवे नाही.

दुसरा भेद अधिक महत्त्वाचा आहे. एआयजीला वाचवणारा अमेरिकी करदाता त्या कंपनीला परका होता. येथील ऊसउत्पादक मात्र कारखान्याचा भागधारक, उसाच्या बिलाचा घेणेकरी आणि शासनाचा करदाता असा तिहेरी नात्याने बांधलेला असतो. कारखान्याच्या कर्जाला राज्य शासनाची थकहमी असेल आणि कर्ज बुडाले, तर त्याचा भार त्याच्यावरच वेगवेगळ्या वाटांनी येतो.

ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार ऊस पुरवल्यापासून १४ दिवसांत पैसे देणे बंधनकारक असून विलंबावर १५ टक्के व्याज द्यावे लागते. २००९ मध्ये ‘रास्त व किफायतशीर दर’ (एफआरपी) लागू झाल्यावर थकबाकीचा प्रश्न या दराभोवती फिरू लागला. थकबाकी फेडण्यासाठी केंद्राने कारखान्यांना २०१३-१४ मध्ये ६,६०० कोटी व २०१५ मध्ये ६,००० कोटी रुपयांच्या सवलतीच्या कर्जयोजना दिल्या. यांतील २०१५ च्या योजनेत रक्कम बँकेने परस्पर शेतकऱ्याच्या खात्यावर जमा करावी, अशी अट होती. मदत संस्थेच्या नावे आणि पैसा लाभार्थ्याच्या हाती, ही तरतूद बोनसच्या वादावर शोधलेल्या कोणत्याही करापेक्षा साधी आणि परिणामकारक म्हणावी लागेल.

शेतकऱ्यांचा रोष प्रामुख्याने दराच्या आंदोलनांतून व्यक्त झाला. राजू शेट्टी यांच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेची जयसिंगपूरची ऊस परिषद हे त्याचे केंद्र. २०१२ मध्ये ३,००० रुपयांच्या पहिल्या उचलीच्या मागणीवरून पेटलेल्या आंदोलनात सांगली जिल्ह्यातील वसगडे येथे पोलीस गोळीबारात एका शेतकऱ्याचा मृत्यू झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये मागील हंगामातील उसासाठी टनाला ४०० रुपये जादा मिळावेत म्हणून शिरोली येथे पुणे-बंगळूर महामार्ग रोखला गेला. अखेर ३,००० पेक्षा कमी दर दिलेल्या कारखान्यांनी १०० रुपये आणि त्याहून अधिक दिलेल्यांनी ५० रुपये द्यावेत, असा तोडगा निघाला.

कायदेशीर जबाबदारी

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८३ खाली चौकशी करून कलम ८८ खाली संस्थेचे नुकसान संबंधित संचालकांकडून वैयक्तिकरीत्या वसूल करता येते. कागदावर ही तरतूद कठोर आहे. प्रत्यक्षात अपिले आणि स्थगिती यांत वर्षे जातात. कोल्हापूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेवर २००९ मध्ये प्रशासक आला, तर राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ मे २०११ मध्ये बरखास्त झाले. कोल्हापूरच्या बँकेत २०१५ मध्ये निवडणूक होऊन संचालक मंडळ पुन्हा आले. रिझर्व्ह बँकेच्या शिफारशीने बरखास्त झालेल्या बँकांच्या संचालकांना दहा वर्षे निवडणुकीस अपात्र ठरवणारा राज्य शासनाचा वटहुकूम जानेवारी २०१६ मध्ये, म्हणजे या निवडणुकीनंतर निघाला आणि त्याला उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले.